रॅमडिस्क, मी आणि फोरमनकाकांची दाढ

तुम्हाला म्हणून सांगतो, लिनक्स सुरू व्हायला रॅमडिस्क लागतच नाही! म्हणजे सोमवारी सकाळी सव्वादहापर्यंत माझं असं ठाम मत होतं.

माझी ताई दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात काउंटरवर आई बसते, खुर्चीत पेशंट बसतो आणि कॉम्प्युटरपाशी मी बसतो. या तिघांत ताईला सगळ्यात जास्त धास्ती माझी. कॉम्प्युटरवर लिनक्स मीच घातलं. पेशंटांचे एक्स-रे त्यातच असतात. तो सुरू व्हायला एकोणीस सेकंद घ्यायचा. एकोणीस सेकंद म्हणजे काही फार नाहीत. पण दातांत अडकलेल्या धाग्यासारखे ते मला रोज छळायचे.

खोदून पाहिलं तर त्यातले चार सेकंद रॅमडिस्कपायी जात होते. ही रॅमडिस्क म्हणजे काय, तर कॉम्प्युटर जागा होताना आधी मेमरीत एक चिमुकली तात्पुरती खोली मांडतो. तिच्यात चार हत्यारं असतात. त्यांनी तो खऱ्या डिस्कचं दार उघडतो, आत शिरतो आणि ती खोली मोडून टाकतो. आता मला सांगा, आपल्याच घरात जायला अंगणात तंबू कशाला ठोकायचा? ती हत्यारं कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, खिशातच शिवून टाकली की झालं!

रविवारभर बसून मी नवा कर्नल बांधला. प्रत्येक हत्यारापुढे एकच प्रश्न येई: हे गाभ्यात शिवू, की डिस्कवर बाजूला ठेवू? लांबच्या प्रवासाची पेटी भरावी तशा मायेने मी निवड केली. डिस्कची केबल सांभाळणारं गाभ्यात. आवाजाचं गाभ्यात. दवाखान्यात जॉयस्टिक नाही, पण उद्या कोणी आणलीच तर, म्हणून तिचंही गाभ्यात. सुरुवातीला जो मेनू दिसायचा तोही लपवून टाकला. तेवढाच अर्धा सेकंद!

"ताई, उद्यापासून पंधरा सेकंद!"

"माझ्या एकाही पेशंटची एकोणीसबद्दल तक्रार नाही."

"अगं, पण वर्षाचे किती होतात!"

"मग वर्षातनं एकदाच सुरू कर."

सोमवारी पहिला नंबर फोरमनकाकांचा. एका छापखान्यात तीस वर्षं फोरमन होते, म्हणून फोरमनकाका. खाली डावीकडे शेजारशेजारच्या दोन दाढा, दोन्ही सारख्याच काळवंडलेल्या. एक काढायची होती, एक वाचवायची होती. कुठली कुठली, ते एक्स-रेत. आठवड्यात पन्नास तोंडं पाहणारी ताई एक्स-रे समोर असल्याशिवाय पकड हातात घेत नाही, हा तिचा नेम.

तिने इंजेक्शन दिलं, गालात कापूस ठेवला आणि नेहमीची ताकीद दिली, "काका, आता बोलायचं नाही हं. बधिर जीभ चावली जाते." मग ती हत्यारं उकळायला आत गेली.

बधिर व्हायला दहा मिनिटं. म्हटलं, नवा कर्नल चालू करून दाखवायला याहून शुभ वेळ कुठली! मी रीस्टार्ट केलं.

पडदा काळा झाला. मग पांढरी अक्षरं धावली आणि थबकली. शेवटी लिहिलं होतं, कर्नल पॅनिक. डिस्क उघडता येत नाही. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डोळे वटारून सुरू केलं. तरी तेच!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डिस्कवरच्या फायली वाचायचं जे हत्यार, ते किरकोळ वाटलं म्हणून मी बाजूला ठेवलं होतं. बाजूला म्हणजे डिस्कवरच. डिस्क वाचायची तर ते हवं आणि ते हवं तर डिस्क वाचायला हवी. कपाटाला कुलूप, किल्ली कपाटात! आणि रोज ती किल्ली निमूट बाहेर आणून देणारी ती खोली नव्या कर्नलला मी दिलीच नव्हती. चार सेकंद जगायची बिचारी. उंबऱ्यावर उभी राहून सगळ्यांना आत घ्यायची आणि कोणी ओळख विचारायच्या आत विरून जायची.

"ऊं! ऊं!" मागून आवाज आला.

फोरमनकाका पडद्याकडे बघत बोट खाली, खाली करत होते.

"खुर्ची खाली हवीये?" मी पेडल दाबलं. खुर्ची खाली गेली. त्यांचं बोट थांबेना. "आणखी?" मी दाबत राहिलो. अखेर काकांचं डोकं फरशीच्या जवळ आणि बूट दिव्याच्या उंचीवर आले.

आई डोकावली. "अरे मेल्या, त्यांचे पाय का वर केलेस?"

"त्यांनीच सांगितलं."

"तोंडात कापूस असलेला माणूस सांगेल कसा?"

काकांनी आता डाव्या हाताचं बोट हवेत एका जागी दाबून धरलं.

"डावा हात!" आई किंचाळली. "छातीत दुखतंय त्यांच्या! अगं, लवकर ये!"

ताई धावत आली. खुर्ची सरळ केली, नाडी पाहिली, कापूस काढला.

"डॉक्ल..." काका म्हणाले.

"बोलू नका! जीभ चावाल!" ताईने दरडावलं. मग तिला पडदा दिसला. "एक्स-रे कुठाय?"

"मी रॅमडिस्क काढली."

"मला कळेल असं सांग."

"किल्ली कपाटात राहिली."

"मग फोड कपाट."

"फोडलं तर एक्स-रे जातील."

ताई शांतपणे हसली. ती अशी हसली की मी लहानपणापासून टेबलाखाली जातो. ती काकांकडे वळली. "काका, कुठली दाढ ठरली होती, आठवतंय?"

काकांनी दोन बोटं वर केली.

"दुसरी म्हणतायत की दोन्ही?" आईने विचारलं. काका जिवाच्या आकांताने मान हलवू लागले.

ताईने पकड ट्रेमध्ये ठेवली. "अंदाजाने मी दाढ काढत नाही." नवा एक्स-रे काढायचा, तर त्याचं यंत्रही याच कॉम्प्युटरला जोडलेलं!

त्यानंतर सव्वा तास मी फोनवर उपाय वाचत होतो, आई काजव्यासारखी पेटत-विझत होती आणि काका जरा तोंड उघडू लागले की ताई "जीभ!" म्हणून ओरडत होती. त्यांना कागद-पेन द्यावं हे आम्हा तिघांपैकी कोणालाच सुचलं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

मग काकांनी स्वतःच्या गालाला चिमटा काढला. "आई गं!" ते ओरडले. बधिरपणा उतरला होता! आणि काका स्वच्छ शब्दांत बोलले.

"सुरू होताना एस्केप दाबून धर. मेनू येईल. बाण खाली. दुसरी ओळ. जुना कर्नल. आमच्या छापखान्यात लिनक्सच होतं रे बाबा!"

मी दाबलं. मेनू आला. दुसऱ्या ओळीत जुना कर्नल आपल्या रॅमडिस्कसकट शांत बसलेला. तो मी पुसला नव्हता. दूरदृष्टी वगैरे नव्हे, विसरलो होतो. एकोणीस सेकंदांनी एक्स-रे पडद्यावर आला. मागची दाढ काढायची होती, पुढची वाचवायची.

ताईने दुसरं इंजेक्शन भरलं. काकांनी हात वर केला.

"थांबा डॉक्टर, माझी वाचा जायच्या आत दोन गोष्टी. ती रॅमडिस्क राहू दे. आणि याला बाहेर बसवा."

मी बाहेर जाऊन पेशंटांच्या बाकावर बसलो. शेजारच्या बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना भरून आलं. "फार दुखतंय का हो? माझा नंबर घ्या हवा तर."

मी काही बोलायच्या आत काउंटरवरून आई म्हणाली, "त्याला काही होत नाहीये हो. आत ज्यांना होतंय, ते त्याच्यामुळे."

बाई हळूच उठल्या आणि बाकाच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसल्या.