कॅनडाची पहिली तक्रार

विजेच्या वस्तू घरपोच विकणाऱ्या व्होल्टोपोलिस या कंपनीने कॅनडात विस्तार करण्याचा निर्णय घेतला. कंपनीचं मुख्यालय अमेरिकेतल्या वाळवंटी अॅरिझोनात, टूसॉनला. तिथल्या संचालक मंडळाने भिंतीवरचा नकाशा पाहिला. देश आकाराने प्रचंड दिसतो, त्याअर्थी बाजारपेठही प्रचंड असणार, असा ठराव मांडला गेला आणि एकमताने मंजूर झाला. अभ्यास म्हणतात तो एवढाच.

या विस्ताराचा भाग म्हणून आमच्या मंक्टन शहरात ग्राहक तक्रार केंद्र उघडण्यात आलं. मंक्टनमध्ये फोन उचलणारी माणसं पिकतात. इथला कोणीही इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत समोरच्याचं ऐकून घेऊ शकतो. मला नोकरी मिळाली, कारण मुलाखतीत ‘‘रागावलेल्या ग्राहकाशी कसं बोलाल?’’ असं विचारल्यावर मी ‘‘हळू,’’ म्हणालो होतो. केंद्राची प्रमुख होती रोझलीन कॉर्मिए. सगळ्या जगाला ती ‘राजा’ म्हणायची, फोनवरच्या ग्राहकाला आणि दारात आलेल्या बर्फ काढणाऱ्यालासुद्धा.

केंद्राचा आत्मा होता ‘संतापमापक’. हे यंत्र प्रत्येक फोन ऐकायचं आणि ही तक्रार आहे की नाही, ते ठरवायचं. त्याचे नियम टूसॉनला झाले होते. ग्राहकाचा आवाज चढला, तर तक्रार. ग्राहकाने माफी मागितली, तर चूक ग्राहकाची, प्रकरण बंद. वाळवंटात बसून केलेल्या या नियमात तर्काला कुठेच फट नव्हती. जो चुकतो तोच माफी मागतो, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे.

पहिला फोन सास्काटूनहून आला.

‘‘सॉरी हं,’’ एक गृहस्थ म्हणाले, ‘‘तुमच्या टीव्हीला तडा गेलाय. माझ्याकडे येईपर्यंत बिचाऱ्याचे फार हाल झाले असतील.’’

यंत्राने नोंद केली: ग्राहकाने चूक मान्य केली आहे.

मग विनिपेगच्या एका शिक्षिकेला दाराशिवायचा मायक्रोवेव्ह मिळाला. ‘‘माफ करा, मीच चुकीच्या बाजूने उघडला का?’’ तिने विचारलं. जानेवारीत पोचवणाऱ्याने एक खोका अंगणातल्या कंबरभर बर्फात भिरकावला आणि पुरावा म्हणून फोटो पाठवला. फोटोत पांढऱ्यावर पांढरं, दुसरं काही नाही. ज्याचा खोका होता, त्याने फोन करून सांगितलं, ‘‘सॉरी, बर्फ काढून ठेवायला हवा होता मी. एप्रिलमध्ये सापडेल, काळजी करू नका.’’ काळजी त्याने आमची केली होती.

वर्षअखेरीस कॅनडातून आलेल्या तक्रारींची संख्या शून्य भरली. टूसॉनमध्ये हर्षाची लाट उसळली. उत्तरविस्तार उपाध्यक्ष कर्टिस व्हॅनडर्मीर यांनी पडद्यावर येऊन आमचं अभिनंदन केलं. मागे खजुराचं झाड डुलत होतं.

‘‘मित्रांनो, या ग्राहकाला काहीही द्या, तो खूश असतो,’’ ते म्हणाले. ‘‘मग आपण एवढं सगळं का देतोय?’’

प्रश्न बिनतोड होता. प्रयोग सुरू झाले. आधी वायर देणं बंद केलं. तक्रार नाही. मग रिमोट गेला. मग, पुष्कळ चर्चेनंतर, खोक्यातली वस्तूच काढण्यात आली. रिजायनाच्या एका बाईंचा फोन आला.

‘‘खोका फारच सुरेख आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सॉरी, पण आत काही असायला हवं होतं का?’’

‘‘तुम्ही काय मागवलं होतं?’’ मी विचारलं.

‘‘टोस्टर. पण असू दे, असू दे. माझ्या मांजरीने खोक्यात घर केलंय. टोस्टरमध्ये तिला कुठे मावता आलं असतं!’’

टूसॉनने निष्कर्ष काढला की कॅनडाच्या ग्राहकाला मुळात खोका आवडतो. पुढच्या तिमाहीत खर्चकपात म्हणून खोकाही बंद झाला आणि ‘तुमची वस्तू पोचली’ एवढा निरोप तेवढा पोचवला जाऊ लागला. त्यालाही लोक पाचपैकी पाच चांदण्या द्यायचे. निरोप अगदी वेळेवर यायचा, यात शंका नाही.

इथपर्यंत सगळं आनंदात होतं. मग कर्टिससाहेबांना एका सकाळी साक्षात्कार झाला. जिथे तक्रारच नाही, तिथे तक्रार केंद्र कशाला? महिनाअखेरीपर्यंत निदान एक खरी तक्रार नोंदवा, नाही तर केंद्र बंद, असा हुकूम आला.

रोझलीनने तो वाचून दाखवला आणि ती मटकन खुर्चीत बसली. आमच्यापैकी कुणाचं घराचं कर्ज होतं, कुणाची म्हातारी आई होती, माझी मुलगी बर्फावरची हॉकी खेळत होती, आणि हॉकीचं सामान म्हणजे दरवर्षी वाढणाऱ्या पायांसाठी नवे बूट. पाठीवर मारा पण पोटावर मारू नका, असं म्हणायची सोय नव्हती. कारण ते म्हटलं असतं, तर ती तक्रार झाली असती, आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी धरल्या जात नव्हत्या.

‘‘एक तक्रार, राजांनो!’’ रोझलीन म्हणाली. ‘‘एवढ्या मोठ्या देशात एक रागावलेला माणूस सापडू नये?’’

आम्ही फोन फिरवायला बसलो. माझ्या वाट्याला न्यूफाउंडलंडचे सायलस पेनी आले. त्यांना हीटरऐवजी रिकामा खोका गेला होता, खोके जायचे त्या काळात.

‘‘काका, तुम्ही रागावला असाल ना आमच्यावर?’’ मी आशेने विचारलं.

‘‘छे रे पोरा! हीटर नाही आला, तर जास्तीचा स्वेटर घातला. बायको म्हणते, मी त्यात बरा दिसतो.’’

‘‘थोडं तरी रागवा ना. आमच्या नोकऱ्या जाताहेत.’’

‘‘काय सांगतोस!’’ त्यांचा आवाज चढला. संतापमापकाचा काटा थरथरला, आम्ही सगळे उठून उभे राहिलो. ‘‘अरे देवा! माझ्यामुळे? सॉरी, सॉरी, फार सॉरी!’’

काटा आडवा झाला. शिवाय आठवडाभरात काकांनी आम्हाला रानबोरांच्या जॅमच्या बरण्या पाठवल्या, आमच्याच खोक्यात भरून. त्यांनी ही हकीकत गावात सांगितली असावी. मग नोव्हा स्कोशियाहून हातमोजे आले, क्विबेकहून मेपलचा पाक आला, प्रेअरीच्या मैदानी प्रदेशातून कुणीतरी गव्हाचं पोतं पाठवलं. पैसे घेऊन काही न देणारी कंपनी आता फुकटचा मालही घेऊ लागली. टूसॉनच्या अहवालात याला ‘उलट दिशेचा व्यापार’ असं नाव पडलं आणि कर्टिससाहेबांचा पगार वाढला.

आम्ही हात टेकले. त्या शनिवारी मी मुलीला घेऊन हॉकीच्या सामन्याला गेलो. बर्फाच्या मैदानाभोवती आईबाप पांघरुणं घेऊन, कॉफीचे पेले धरून बसले होते. एवढ्यात माझ्या शेजारून अशी आरोळी उठली की माझी कॉफी सांडली.

‘‘अरे ए आंधळ्या! तो ऑफसाइड होता, ऑफसाइड! डोळे घरी खुंटीला टांगून आलास का?’’

ती होती मर्ना थेरिओ. रविवारी चर्चमध्ये वृद्धांना हाताला धरून जागेवर बसवते, रस्त्यात मांजर आडवं आलं तर गाडी थांबवून त्याला जाऊ देते, आणि तिची मुलगी बर्फावर उतरली की पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मी आजूबाजूला पाहिलं. सगळेच ओरडत होते. दंतवैद्य, पाद्री, ग्रंथपाल! सारा देश इथे येऊन तक्रार करत होता आणि आम्ही त्याला फोनवर शोधत होतो.

‘‘मर्ना, व्होल्टोपोलिसकडून तू काही मागवलं होतंस?’’ मी मध्यंतरात विचारलं.

‘‘हो, हीटर. नाही आला. सॉरी, तू तिथेच असतोस ना? मनावर घेऊ नकोस हं.’’

रोझलीनला मी तिथूनच कळवलं. योजना सोपी होती. पुढच्या शनिवारी, महिन्याच्या शेवटच्या सामन्याला, मी मर्नाशेजारी बसायचं, फोन थेट संतापमापकाला जोडायचा आणि ऐन रंगात हीटरचा विषय काढायचा. मर्नाने आनंदाने होकार दिला. तुमच्या नोकऱ्या वाचणार असतील, तर मी चार शब्द जोरात बोलायला तयार आहे, म्हणाली.

सामना सुरू झाला. टूसॉनला कर्टिससाहेब कान लावून बसले होते. आमचा पंच ल्युसियन गोत्रो, एरवी शाळेत भूगोल शिकवणारा भला माणूस, शिटी तोंडात धरून फिरत होता.

‘‘मर्नाबाई, तुमच्या हीटरचं काय झालं?’’ मी फोन तिच्या तोंडाशी धरून विचारलं.

‘‘हीटर ना? नाही आला. पण सॉरी, तुमचा तरी काय दोष...’’ इतक्यात ल्युसियनने तिच्या मुलीला दंड म्हणून बाहेर बसवलं. मर्ना उभी राहिली. पांघरूण खाली पडलं.

‘‘अरे लबाडा! दिसत नाही का तुला? किती पैसे खाल्लेस, बोल! तुला कुणी ठेवलं रे या कामावर? हाकला याला! आत्ताच्या आत्ता हाकला! याचं तोंड पुन्हा दिसता कामा नये!’’

संतापमापकाचा काटा शेवटाला जाऊन आदळला. फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. रोझलीन केंद्रातून किंचाळत होती, ‘‘वाचलो, राजा, वाचलो!’’ मी मर्नाला मिठी मारली. ती मात्र अजून ल्युसियनकडे मूठ उगारून उभी होती.

सोमवारी निकाल आला. कॅनडाच्या पहिल्या तक्रारीची कंपनीने अत्यंत गांभीर्याने दखल घेतली होती. ग्राहक हा राजा असल्याने त्याची प्रत्येक मागणी तातडीने पूर्ण करण्यात येत होती. हीटरबाबत ग्राहकाने क्षमा मागितल्यामुळे तो विषय मिटला होता. उरलेली तक्रार फोनवर असलेल्या कर्मचाऱ्याविरुद्ध होती. आरोप असे: दृष्टिदोष, लाचखोरी, अपात्र असताना नेमणूक. मागणी: हकालपट्टी, तात्काळ. मागणी मान्य.

केंद्र वाचलं. नुसतं वाचलं नाही, तक्रारी येऊ लागल्या म्हणून त्याचा विस्तार झाला आणि आणखी माणसं घेण्यात आली. माझ्या खुर्चीवरही.

रोझलीन डोनटचा खोका घेऊन माझ्या घरी आली. डोळे सुजले होते.

‘‘सॉरी रे राजा. काढल्याच्या कागदावर सही मलाच करावी लागली.’’

‘‘पण तुला माहीत आहे ना, ती कुणाला बोलत होती?’’

‘‘माहीत आहे ना! सगळ्या गावाला माहीत आहे. तू अपील कर. एका माणसाने नावानिशी लिहून दिलं की ते शब्द पंचाला होते, की तुला परत घ्यावंच लागतं. नियम आहे.’’

‘‘मग तू दे लिहून.’’

तिने डोनटकडे पाहिलं. ‘‘मी तुझ्या पाठीशी आहे,’’ ती म्हणाली.

मर्ना ब्लूबेरीचा केक घेऊन आली आणि रडली. पण तिने लिहून दिलं, तर तक्रार खोटी ठरणार, केंद्र बंद पडणार आणि इतक्या लोकांच्या पोटावर पाय येणार, ते तिला बघवणार नव्हतं. दंतवैद्य म्हणाले, सत्य तुमच्या बाजूला आहे, मग माझ्या सहीची काय गरज? पाद्रीबुवांनी माझ्यासाठी प्रार्थना करायचं कबूल केलं, तीसुद्धा मनातल्या मनात. शेवटी मी ल्युसियनकडे गेलो. शिव्या त्यालाच बसल्या होत्या.

‘‘म्हणजे मी आंधळा, लबाड आणि पैसेखाऊ आहे, असं मीच लिहून द्यायचं?’’ त्याने विचारलं. मग आवाज उतरवून म्हणाला, ‘‘सॉरी. आणि खरं सांगू? तो दंड चुकलाच होता माझा.’’

त्या मैदानावर सगळं गाव होतं. सगळ्यांनी ऐकलं. सगळे हळहळले. माझ्या फ्रीजमध्ये आता केक ठेवायला जागा नाही, आणि घराचा हप्ता कुठलीही बँक केकमध्ये घेत नाही. मला राग येतो, अगदी मस्तकात जातो. पण तो आता शनिवारीच येतो, पंचावर.

अपिलाचे नियम मी पुन्हा वाचले. साक्षीदार तिथे हजर असलाच पाहिजे, असं कुठेही म्हटलेलं नाही. संपूर्ण प्रकरणाची माहिती असलेली कोणतीही व्यक्ती चालते. आणि ती माहिती आता तुम्हाला आहे. पहिल्या ओळीपासून तुम्ही माझ्याबरोबर आहात, मध्ये दोन-तीनदा ‘काय हा अन्याय!’ असंही म्हणालात. फक्त नाव, गाव, फोन नंबर आणि खाली सही.

काय म्हणता? छान लिहिलंय? पाच चांदण्या देता? चार जणांना पाठवता? फार आभार. पण मला सही हवी आहे.

पेन शोधतो म्हणून तुम्ही आत गेलात. मी दारात उभा आहे. आतून टीव्हीचा आवाज येतोय.