विषय : बिट्टीने डॉक्टर होण्याबाबत

परवाना खात्यात माझी एकतीस वर्षं नोकरी झाली आणि या काळात माझ्या हातून एकही चुकीचा निर्णय झालेला नाही. माझ्या हातून निर्णयच झालेला नाही, असं खात्यातले काही जळके लोक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यामागची मेहनत त्यांना दिसत नाही. आलेला कागद पाच जणांच्या अभिप्रायासाठी पाठवायचा, आलेले पाच अभिप्राय एकमेकांना दाखवायचे आणि त्यावर पुन्हा अभिप्राय मागवायचे, याला धीर लागतो. अर्जदार कंटाळून अर्ज मागे घेतो तेव्हा प्रकरण आपोआप निकाली निघतं.

खात्यात जे वेळेत होत नाही ते मी घरी करतो. रोज संध्याकाळी, ज्यांत निर्णय लागत नाही अशा देखभाल-दुरुस्तीच्या कागदांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर येतो. जिथे सही हवी तिथे कारकून पिवळी चिठ्ठी लावून देतो. मी चहा घेता घेता चिठ्ठी दिसेल तिथे सही करतो. कागद वाचणं हे खालच्यांचं काम आणि सही करणं हे वरच्यांचं. दोन्ही एकाच माणसाने केलं तर खात्याला दोन माणसं हवीत कशाला? सही झाली की चिठ्ठी सोलून काढायचं काम आमची एकुलती एक कन्या बिट्टी पाच वर्षांची असल्यापासून करते. त्या चिठ्ठ्या ती आपल्या वह्यांना लावायची. पुढे त्याच वह्या शरीरशास्त्राच्या झाल्या.

तर अशा या घरात, एका सोमवारी, वैद्यकीय महाविद्यालयाचं पत्र आलं. बिट्टीला प्रवेश मिळाला होता. दहा दिवसांत, म्हणजे पुढच्या बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत, सोबतच्या नमुन्यावर विद्यार्थी आणि पालक यांनी सह्या करून पाठवायच्या होत्या. नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती.

"बाबा, मी जाणार," बिट्टी म्हणाली.

"बस जरा. पाणी पी," मी म्हणालो, आणि फाईल उघडली.

कारण पत्रात एक बाब नमूद नव्हती, ती मी शोधून काढली होती. देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या यादीत हे महाविद्यालय सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर होतं. यादी बावन्नची होती. तेव्हा आलेली जागा घ्यावी की वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करावा, असा प्रश्न निर्माण झाला. तो मीच निर्माण केला होता, पण फाईलमध्ये 'निर्माण झाला' असंच लिहितात.

"अहो, तिला जायचंय ना? मग जाऊ दे की," ही म्हणाली.

"ती संबंधित पक्ष आहे," मी म्हणालो. "संबंधित पक्षाचं मत निर्णयात धरता येत नाही. उद्या कोणी बोट दाखवलं तर?"

"कोण दाखवणार?"

मी अभिप्राय मागवायची पत्रं लिहायला घेतली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी चहाच्या वेळी, बिट्टी नेहमीसारखी शेजारी बसून चिठ्ठ्या सोलत होती. आदल्या दिवशीचा हट्ट नाही, की रुसवा नाही. पोरगी समजूतदार आहे, असं मला वाटलं. तरीही तिच्यावर अन्याय नको म्हणून मी तिला तिचं म्हणणं लेखी द्यायला सांगितलं. तिने तिथल्या तिथे एका ओळीत दिलं: 'मला डॉक्टर व्हायचं आहे. इथे झाले तरी चालेल.' मी ते त्रुटी दाखवून परत केलं. 'इथे' म्हणजे कुठे, 'चालेल' म्हणजे कोणाला, आणि पूर्वी असंच काही व्हायचं होतं काय, असल्यास काय व का झालं नाही, याचा खुलासा जोडावा, असा शेरा मारला.

पहिला अभिप्राय वरच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांचा. ते हयातभर भूगोल शिकवत होते, त्यामुळे कुठलं काय कुठे आहे ते त्यांना माहीत असतं.

"सत्तेचाळीस?" ते म्हणाले. "अहो, सत्तेचाळिसाव्या नंबरचा कुकरसुद्धा मी घरात घेणार नाही. पुन्हा बसवा तिला. आमच्या चिरंजीवांना दोनदा जागा मिळत होती, मी दोन्ही वेळा नाकारायला लावली."

"मग आता ते पहिल्या महाविद्यालयात आहेत?"

"आता तो माझ्या खोलीत अभ्यास करतोय. त्याची त्याला लहान पडायला लागली."

दुसरा अभिप्राय शिकवणीवर्गाच्या संचालकांचा. त्यांनी बिट्टीचे गुण पाहिले आणि एखादा मृत्यू कळावा तसा चेहरा केला. इतक्या गुणांवर मुलगी नुसती डॉक्टर होणार, हे त्यांना बघवत नव्हतं. त्यांच्याकडे अशा मुलांसाठी 'पुनःप्रयत्न तुकडी' होती. काही मुलं त्यात सहा वर्षांपासून होती.

"सहा वर्षांत तर डॉक्टर होऊन होतं की," मी म्हणालो.

"होतं ना, पण कितव्या क्रमांकाचा?" संचालक म्हणाले. "आमचा मुलगा बघा, परीक्षेला बसायचा काय दांडगा अनुभव आहे त्याला. आता तोच नव्या मुलांना शिकवतो."

हा मुद्दा बिनतोड होता. तो मी जसाच्या तसा उतरवून घेतला.

तिसरा अभिप्राय माझ्या मेव्हणीचा. ती मोठ्या रुग्णालयात पंचवीस वर्षं परिचारिका आहे. तिने फोनवर सांगितलं, "भाऊजी, रात्री तीन वाजता पेशंटचा श्वास अडकला ना, की धावत येणारा डॉक्टर आम्हाला लागतो. तो कुठला हे आम्ही कधी विचारलं नाही. जाऊ दे पोरीला." आणि तिने फोन ठेवला. 'अभिप्राय त्रोटक असून पुष्ट्यर्थ कागदपत्रं जोडलेली नाहीत,' असं लिहून मी तो बाजूला ठेवला.

अभिप्राय दोन विरुद्ध एक झाले. याउपर एखाद्या डॉक्टरचं मत घ्यावं, असं मला सुचलं. नेमका इथेच प्रकरणाला गंभीर वळण लागलं.

आमचे डॉक्टर वीस वर्षांपासूनचे. चौकातल्या बेकरीवर दोन खोल्यांचा दवाखाना, बाकावर चार पेशंट, फळीवर वजनकाटा. दर महिन्याला माझा रक्तदाब तेच बघतात. पट्टा माझ्या दंडाला बांधलेला असतानाच मी विषय काढला.

"डॉक्टर, हे सत्तेचाळिसावं महाविद्यालय कसं आहे हो?"

"छान आहे. मी तिथलाच," ते म्हणाले. "आमच्या वेळी यादी तिसाची होती. आम्ही तिसावे. आता बरंच वर आलंय."

मी भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडरच्या मागून प्रमाणपत्राचा एक कोपरा डोकावत होता. वीस वर्षं मी त्या कॅलेंडरवर तारखाच बघत आलो होतो.

"रक्तदाब वाढलाय," डॉक्टर म्हणाले.

तो वाढणारच होता. माणसाने भावनेच्या आहारी जाऊ नये, पण फाईलमध्ये सुसंगती हवी. जे महाविद्यालय माझ्या मुलीला चालत नाही, ते माझ्या रक्तदाबाला कसं चालेल? रविवारी सकाळी मी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पुढील आदेशापर्यंत स्थगित केल्या. मग कपाटातून वीस वर्षांच्या औषधांच्या चिठ्ठ्या काढून घरात बरे झालेले सगळे आजार फेरतपासणीसाठी घेतले. हिचा टायफॉईड, माझी पाठ, आणि बिट्टीचा न्यूमोनिया.

न्यूमोनियाची चिठ्ठी हातात आली आणि मी जरा थांबलो. बिट्टी तेव्हा पाच वर्षांची होती. डॉक्टर नऊ दिवस रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी घरी यायचे. दहाव्या दिवशी तिने त्यांच्या गळ्यातली नळी स्वतःच्या कानाला लावून माझी छाती ऐकली आणि "बाबा ठीक आहेत," असं जाहीर केलं. तेव्हापासून तिला डॉक्टर व्हायचं होतं. म्हणजे पूर्वी काय व्हायचं होतं या माझ्या त्रुटीचं उत्तर माझ्याच कपाटात होतं. न्यूमोनिया बरा झाला होता यात शंका नव्हती. तो अधिकृतपणे बरा झाला होता का, एवढाच मुद्दा शिल्लक होता.

"गोळी घेतलीत का?" हिने विचारलं.

"प्रकरण विचाराधीन आहे."

"तुमचं डोकं विचाराधीन आहे," ही म्हणाली आणि गोळ्यांचं पाकीट माझ्या पुढ्यात आपटून निघून गेली.

पहिल्या क्रमांकाच्या महाविद्यालयातून शिकलेले हृदयतज्ज्ञ शहरात एकच होते. त्यांची वेळ मिळाली ती थेट बुधवारी दुपारी तीनची. मी ठरवलं, त्यांच्याकडून माझा रक्तदाब आणि बिट्टीचा प्रवेश, दोन्हींवर एकदाच अधिकृत मत घ्यायचं आणि पाचच्या आत निर्णय करायचा. एवढ्या घाईत मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

रुग्णालयाचं प्रतीक्षालय आमच्या खात्यासारखंच होतं, त्यामुळे मला बरं वाटलं. टोकन होतं, खिडकी होती आणि खिडकीपलीकडे माणूस नव्हता. सव्वातीन वाजले, साडेतीन वाजले. चारला एक बाई येऊन सांगून गेल्या, की तज्ज्ञ परिषदेसाठी परगावी आहेत आणि 'रुग्णांशी संवाद' या विषयावर बोलताहेत. मी आक्षेप नोंदवायला उठलो. समोरची भिंत थोडी सरकली. मग टोकन खाली पडलं आणि त्याच्या पाठोपाठ मी.

डोळे उघडले तेव्हा एक मुलगी माझ्याजवळ जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. पांढरा कोट, केसांत पेन खोचलेलं. बिट्टीहून पाचसात वर्षांनी मोठी असेल.

"काका, हलू नका. रक्तदाबाची गोळी घेता का? कधीपासून बंद आहे?"

"तुमचं... महाविद्यालय... कितवं?" मी विचारलं.

"सत्तेचाळिसावं," ती पट्टा बांधता बांधता म्हणाली. "आता गप्प पडा."

मी गप्प पडलो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी ती बावन्नावी असती तरी मी तिचा हात सोडला नसता.

वॉर्डात पुन्हा शुद्धीवर आलो तेव्हा समोरच्या घड्याळात सव्वापाच वाजले होते. एका बाजूला ही, एका बाजूला बिट्टी. मुदत संपून पंधरा मिनिटं झाली होती, निर्णय झालेला नव्हता आणि प्रकरण आपोआप निकाली निघालं होतं. मला आनंद झाला. अजून एक वर्ष पोरगी घरात राहणार होती, चहाच्या वेळी शेजारी बसणार होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दहा दिवस मी यादीतला सत्तेचाळिसावा आकडा पुढे करून हेच एक मागत होतो. फाईलमध्ये हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

"बिट्टी," मी म्हणालो, "वेळ गेली गं. चूक माझी आहे. पुढच्या वर्षी..."

"बाबा, मी गेल्या मंगळवारीच होकार पाठवलाय."

"आणि पालकाची सही?"

तिने वही उघडली. आतल्या पानावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि शेजारी नमुन्याची प्रत.

"तुमच्या गठ्ठ्यात वरून तिसरा कागद होता. जिन्यातले दिवे आणि पंख्यांची दुरुस्ती यांच्या मधला."

मी प्रत पाहिली. सही माझीच होती, चांगली टपोरी. सहीवर हाताच्या सवयीने मारलेला शेराही होता: 'मान्य. तात्काळ कार्यवाही व्हावी. विलंब झाल्यास संबंधितास जबाबदार धरण्यात येईल.'

"तुला माहीत होतं?" मी हिला विचारलं.

"त्या दिवशी चहा जरा जास्तच गोड केला होता मी," ही म्हणाली.

एकतीस वर्षांत माझ्या हातून झालेला हा पहिला निर्णय. तो वेळेत झाला, बरोबर झाला, आणि तो झाला हे मला आठ दिवस माहीत नव्हतं. मी काही बोलणार एवढ्यात ती पांढऱ्या कोटातली मुलगी एक कागद घेऊन आली. "काका, इथे सही करा," ती म्हणाली. मी केली. ती गेल्यावर हिने वाचून सांगितलं, की शिकाऊ डॉक्टरांना माझ्या हातातून रक्त काढायचा सराव करू द्यायला मी संमती दिली आहे. दाराशी सहा जण रांगेत उभे होते. बिट्टीने माझी बाही वर सारली आणि ते कसं काढतात ते नीट बघत राहिली.

आता तुम्ही हसत असाल. हसा. पण त्याआधी एवढंच सांगा, गेल्या महिन्याभरात घरातल्या कुणी "बाबा, इथे सही" किंवा "आई, इथे सही" म्हणून पुढे केलेल्या कागदांत काय काय लिहिलं होतं? आठवत नाही ना? मग उठा आणि आतल्या खोलीत जाऊन बघा. बॅग भरून ठेवलेली असेल.