आधी अहो म्हणा

"चोवीस तास पाणी? कुणाच्या डोळ्यांतून?"

हिराबाई गजभिये यांनी मोबाइलच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारलं आणि मोबाइलनं ते इमानदारीत लिहून घेतलं. येरवड्याच्या शांतीदीप वसाहतीत आता चोवीस तास पाणी, अशी बातमी होती. हिराबाई ती पिंपाला टेकून वाचत होत्या. चौथीपर्यंत शिकलं की एवढं पुरतं.

"आई, उद्या उल्काला बघायला येतायत," सून कल्याणी म्हणाली. "'नोकरी सोड' न म्हणणारं पहिलंच स्थळ आहे. आज तरी भांडू नका."

"भांडत्येय कुठे? विचारत्येय."

बातमीखाली 'अभ्यासू नागरिक' नावाचे गृहस्थ उगवले. "मी स्वतः जाऊन पाहिलं आहे. धो धो पाणी आहे."

"नळ दाराच्या डावीकडे की उजवीकडे?" हिराबाईंनी विचारलं.

"अरे गजभिये, तुला काय कळतं?"

"आधी अहो म्हणा."

खात्यावर नाव 'एच. गजभिये', फोटो जास्वंदीचा. तिसऱ्याच कुणीतरी नम्रपणे विचारलं, "आपल्याला दादा म्हणायचं की ताई?"

"अहो म्हणा. त्यात दोघंही मावतात."

त्यावर सत्तर अंगठे आले. अभ्यासू नागरिक मात्र 'अरे'वरच अडून बसले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचे वडील तात्याराव मेश्राम खुर्चीत बसले ते सगळ्या पुण्याची माहिती घेऊनच. लाडू मोडत म्हणाले, "इकडे यायचं म्हणून काल तुमच्या वसाहतीची बातमी वाचली. खाली एक उद्धट माणूस! चांगला झापला त्याला. गजभियेच होता. तुमच्यातला नाही ना?"

कल्याणीनं घाईनं चहाचा ट्रे पुढे केला. उल्का पंख्याकडे बघू लागली. हिराबाईंच्या जिभेवर चार वाक्यं तयार होती. नातीकडे पाहून त्यांनी ती चहाबरोबर गिळली.

"असतात एकेक माणसं," त्या म्हणाल्या.

"हात जरा धुतो," तुपाची बोटं वर धरून तात्याराव उठले.

"मोरी आत आहे. साबण ठेवलाय."

तात्यारावांनी कोपरापर्यंत फेस केला आणि नळ फिरवला. नळ खोकला, फुसफुसला आणि गप्प झाला. मागे हिराबाई पिंपातलं तांब्याभर पाणी घेऊन उभ्याच होत्या.

"डावीकडे आहे बघा नळ, तात्याराव."

फेसाळलेले हात तसेच हवेत राहिले. "एच... म्हणजे हिराबाई?"

"हात पुढे करा. डोळ्यांत जाईल."

तात्याराव बाहेर आले ते निम्म्या आवाजात. बायकोला म्हणाले, "मुलगी पसंत आहे. फक्त लग्न आपल्याकडे, खराडीला करू."

संध्याकाळी कल्याणीनं मोबाइल आणून दाखवला. "वाचा आई! 'आज मी स्वतः जाऊन पाहिलं. पाणी नाही. अहो गजभिये, आपलं म्हणणं खरं आहे.' झालं समाधान?"

हिराबाईंनी चष्मा चढवून दोनदा वाचलं.

"आज पाहिलं ना? मग काल काय पाहिलं होतं, ते विचार."

"आई, व्याही आहेत ते आता!"

"मग अहो लावून विचार."