कामगंध सापळा

“मसाल्यातला किडा? अगं, माझं नुसतं नाव ऐकलं तरी पळतो तो!”

सुट्टीच्या सकाळी धण्याच्या डब्यात बोट फिरवत गोदामाचे कीडनिरीक्षक म्हणाले. बोटाला चार बारीक तपकिरी किडे चिकटले. एकही पळाला नाही, पण ते असो!

बायकोचा जीव टांगणीला लागला होता. दुपारी मोठ्या जाऊबाई जेवायला यायच्या होत्या, आणि जाऊबाई म्हणजे पाण्याच्या पेल्याचीही झडती घेणारी बाई!

“अहो, डबे उन्हात ठेवू या ना.”

“ऊन? चार बुकं शिकलेला माणूस घरात असताना?” असं म्हणत त्यांनी गोदामातून आणलेला कामगंध सापळा काढला. म्हणजे मादीचा वास लावलेली चिकट पट्टी. वास आला की नर धावत येतो आणि कायमचा अडकतो.

“लग्नासारखंच!” ते म्हणाले. बायको हसली नाही.

पट्टी त्यांनी उघड्या खिडकीत लावली. वास काय आपल्याच घरात थांबतो? तासाभरात वरच्या, खालच्या, समोरच्या घरांतले झाडून सगळे नवरदेव दाखल झाले! पट्टी भरली. उरलेले ओट्यावर, पडद्यावर आणि निरीक्षकांच्या टकलावर जागा शोधू लागले.

शेजारीण दारात आली. “आमच्या तिखटातले किडे आपोआप गेले हो! तुमचेही गेले का?”

“आले,” बायको म्हणाली.

शेजारणीच्या पाठोपाठ जाऊबाईच! पट्टी बघून त्यांच्या भुवया कपाळात गेल्या.

“अगं बाई! तू डबे कधी पुसतेस तरी का?”

बायकोचे डोळे भरून आले. रोज घासूनपुसून लखलखीत ठेवलेल्या डब्यांची ही शोभा!

एवढ्यात खुंटीवरच्या ऑफिसच्या बॅगेतून एक किडा ऐटीत बाहेर पडला. मागोमाग दुसरा. जाऊबाईंची नजर ती! त्यांनी बॅग उलटी केली, तर गोदामातून तपासायला आणलेल्या नमुन्याची पुडी पडली. आतल्या हळकुंडांची पार चाळण झाली होती.

“भावजी, हे कधीचं?”

“तपासायचं... राहून गेलं, वहिनी.”

बायकोने डोळे पुसले. “जाऊबाई, यांचं नाव ऐकून किडे पळतात, हे खोटं नाही हं. पळून कुठे जातात, ते आज कळलं!”

जाऊबाई पोट धरून हसल्या. निरीक्षकांनी मुकाट्याने धण्याचा डबा उचलला आणि उन्हात जाऊन बसले.