बोडीटोल्याच्या खलनायकाने डिटेक्टिवावर केलेल्या मोहिमेची हकीकत

धन्याने आज्ञा केली नाही, कोणी विचारणाही केली नाही. तथापि बोडीटोल्याचे लोक घडल्या गोष्टीचा चार दिवसांत भलताच पोवाडा करितात, हे जाणोन सेवकाने खरी हकीकत आदिअंत लिहून ठेविली आहे. ती शहाण्यांनी वाचावी. बोडीटोल्यात शहाणा कोणी नाही, सबब तेथे नक्कल पाठविली नाही.

आरमोरी परगण्यात मौजे बोडीटोला, वस्ती बहुतेक ढिवरांची, तळ्यातील मासळीवर गुजराण. तेथे दिवाळीमागून मंडईची जत्रा भरते आणि मंडईत भर दुपारी दंडार, म्हणजे गावचे नाटक, उभे राहते, हा शिरस्ता. नायकाची गादी राजमान्य राजश्री सुरेंद्रभाऊ, मंडळाचे अध्यक्ष, यांजकडे तीस वर्षे कायम. वय पंचावन्न, मिशी कलपाची, पोट स्वारीच्या पुढे चालणारे, आणि आपण अद्याप पंचविशीत आहो ऐसा पक्का समज. खलनायकी इस्तारीजींकडे. त्यांनी तीस वर्षे अखेरच्या प्रवेशी धरले जावे आणि मार खावा आणि बायांचे शिव्याशाप घ्यावे, मग दुसरे दिवशी बाजारात पोरांनी 'हाच तो' म्हणोन बोट दाखवावे. माणूस मुंगी मारीत नसे. यंदा गुडघ्यांनी जबाब दिला, यापुढे रंगमंची चढणे नाही, ऐसे डाक्तराने फर्माविले. तेव्हा एक वेळ तरी लोकांनी आपली बाजू ऐकावी, ही एकच हाव त्यांस उरली.

तेसमयी त्यांची भाची रीता, आरमोरीस कालेजात शिकणारी, इणे तळ्याच्या पाळीवर, जेथे मोबाइलास रेंज सापडते, मामांस जपानी आनिमे दाखविले. त्यात माणसांचे डोळे बशीएवढे, बंद खोलीतही केस वाऱ्याने उडतात, आणि जो तो मरण्यापूर्वी पाव घटका भाषण करितो. कथा मूळची विलायती आणि जुनी: एका उमरावास विष घातले जाते, आणि चतुर डिटेक्टिव औषधवाल्यास पकडतो. परंतु जपान्यांनी तीच कथा औषधवाल्याच्या तोंडून वदविली. उमरावाने नदी अडवून गाव तहानेने मारिला होता, आणि डिटेक्टिव तो नुसता वाहवा मिळविणारा बढाईखोर निघाला. इस्तारीजींनी अकरा भाग एका बैठकीत पाहिले आणि डोळे पुसोन म्हणाले, "याले आजवर कोनी इचारलंच नाई पोरी, तू असं काऊन केलं म्हणून."

मग मसलत जाहाली. रीताने आठ दिवसांत दंडार लिहिली. उमरावाचा मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, केला, औषधवाल्याचा ढिवर केला आणि नदीचे तळे केले. मग ती वकील होवोन अध्यक्षांच्या दिवाणखान्यात गेली आणि अर्ज केला की, नाटकात डिटेक्टिवाचे नाव चाळीस वेळा घेतले जाते. एवढे ऐकताच सुरेंद्रभाऊ प्रसन्न जाहाले. त्यांनी फक्त आपली भाषणे वाचिली. दुसऱ्याचे भाषण वाचिल्याचा तीस वर्षांत दाखला नाही. कलम एकच घातले: "आखरीले मी याले धरीन. त्यात बदल नाई." रीतापाशी दुसरा शेवट नव्हता, कारण आनिमेचा शेवटचा भाग खुद्द जपानातच निघाला नव्हता. तह मान्य जाहाला.

मंडईचे दिवशी ढिवर मंडळी तळ्यावरून जाळी खांद्यावर टाकून थेट आली. डिटेक्टिव रेनकोट चढवून भिंगासह प्रवेशले आणि टाळीसाठी थांबले, टाळी बेताची आली. मग खलनायक पुढे येऊन थेट लोकांशी बोलू लागला: "मालगुजारानं तळं बंद केलं. बारा दिवस जाळं कोरडं. लेकरायले मी का चारू?" कलाबाई मासळीवाली, जिचे शाप आजवर इस्तारीजींवर पहिल्याच प्रवेशी सुटत, तिने तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला आणि शाप राखून ठेविले. तळे बंद होणे म्हणजे काय हे ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, त्यांस हे नाटक आहे ऐसे समजाविणे व्यर्थ.

मग डिटेक्टिवाने विषाची बाटली हुडकिली, ती उंच धरोन दाखविली, आणि खलनायकाचे मनगट पकडिले. कलाबाई उठोन म्हणाली, "सोडा त्याले, सुरेंद्रभाऊ." भाऊंनी भूमिका सोडिली नाही, उलट मनगट पिरगळिले. मग चैतू ढिवर रंगमंची चढला आणि त्याने सराईतपणे आपले फेकजाळे डिटेक्टिवावर टाकिले. ते रेनकोट, भिंग आणि पोट यांसह नायकावर बैजवार बसले.

इस्तारीजी मोकळे जाहाले. आणि येथे विपरीत घडले. तीस वर्षे त्यांचे नाटक धरले जाण्यापाशी संपत आले होते. त्यांनी सवयीने दोन्ही हात पुढे केले. बांधावयास कोणी नव्हते. ते तैसेच उभे राहिले, आणि मग पडद्याआड पाहोन म्हणाले, "पोरी, आता मी का करू? मले पुढचं येत नाई." रीताने वही उलटिली, पुढे कोरी पाने होती. सेवकाने या जागी हसावयाचे योजिले होते, ते साधले नाही. वाईट वाटले, ते लिहितो.

उत्तर कलाबाईनेच दिले: "का करू म्हंजे? घरी जा न भाऊ. जेवून घ्या."

मग इस्तारीजी एकेक पायरी गुडघा धरोन उतरले, आणि लोकांनी वाट दिली, आणि ते तोंडाचा रंग न पुसता भर मंडईतून घरी चालते जाहाले.

येणेप्रमाणे शके १९४७, कार्तिक शुद्ध पंचमी, तिसरे प्रहरी खलपक्षाची फत्ते जाहाली. डिटेक्टिवास जाळ्यातून सुटावयास पाऊण घटका लागली. सुटताच त्यांनी पुढील वर्षाची खलनायकी आपणांस मिळावी ऐसा अर्ज लिहिला आणि अध्यक्ष या नात्याने आपणच मंजूर केला. हे वर्तमान इस्तारीजींस पोहोचले तेव्हा ते जेवीत होते. त्यांनी मान हलविली आणि आणखी भात मागितला.