साठ टक्क्यांचा हट्ट

आमच्या घरात दोन तऱ्हेची माणसं आहेत. बायको औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. मी न वाचता ‘होय’ दाबतो. आणि छातीठोकपणे सांगतो, आजवर माझं काहीही अडलेलं नाही!

म्हणूनच परवा सकाळी तिच्या लॅपटॉपवर फर्मवेअर अपडेटची सूचना आली, तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

"हात लावू नकोस हं," बायको चपला घालत म्हणाली. "चार वाजता त्या नव्या इमारतीत मालकांना आराखडे दाखवायचेत. तिथे अजून वीज आलेली नाही. हे काम हातचं गेलं ना, तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात!"

"तू जा गं निवांत! साडेतीनला येशील तेव्हा लॅपटॉप तयार."

होय. होय. होय. (हे काय होतं कोण जाणे.) होय.

६० टक्के.

वायर लावलेली, चार्जिंग बंद!

६० टक्के. हा दुसरा प्लग.

६० टक्के. हा मिक्सरचा प्लग. बटण तीस सेकंद दाबून धरलं. अंगठा पांढराफटक पडला, आकडा मात्र रुसलेल्या जावयासारखा जागचा हलेना.

एका व्हिडिओतला गृहस्थ म्हणाला, बॅटरी पूर्ण उतरवा, मग चढवा. मी उजेड वाढवला, आवाज वाढवला, तीन तासांचा मारधाडीचा चित्रपट लावला.

४१.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरून सासरे उतरले. ते निवृत्त वायरमन. लोक खिशात पेन ठेवतात, ते टेस्टर ठेवतात.

"जावईबापू, दोष यंत्रात कधीच नसतो. प्लगात असतो."

"अहो बाबा, पण अपडेट केल्यावरच..."

"मेन स्विच बंद करा!"

त्यांनी भिंतीतले तिन्ही प्लग उघडे केले.

१९.

"एक स्क्रू कपाटामागे गेला."

३.

"दुसराही गेला. उघड्या वायरींवर मेन लावायचा नाही हं. माझं तत्त्व आहे!"

घड्याळात दोन वाजले होते. वर धावलो, तर सासऱ्यांचे स्वतःचे प्लग गेल्या महिन्यापासून उघडेच! मग लॅपटॉप काखेत मारून खाली न्हाव्याच्या दुकानात शिरलो.

"दादा, जरा चार्जिंगला लावू का?"

"लावा की. पण प्लग एकच, खुर्चीपाशी. आणि खुर्ची फक्त गिऱ्हाइकाला."

बसलो.

९. चार्जिंग सुरू! "बघा, प्लगच होता!" सासरे दारातून गरजले.

२२. दाढी झाली. "उठताय?" "छे! केस कापा."

३८. केस झाले. "उठताय?" "मिशी!" बारा वर्षांची मिशी होती हो.

५१. "आता उरलंय काय, साहेब?"

मी डोळे मिटून घेतले. "सगळंच काढा."

६० टक्के.

आणि थांबलं! पुन्हा साठच! मी खुर्चीतच ओरडलो. न्हाव्याने दचकून वस्तरा वर उचलला.

तेवढ्यात बायको दारात. तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग आरशातल्या गुळगुळीत गृहस्थाकडे.

"बाबा, हे कोण?"

"तुझा नवरा."

ती लॅपटॉपवर वाकली आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं, अर्थातच शेवटपर्यंत, मोठ्याने वाचू लागली: "बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून चार्जिंग साठ टक्क्यांवर थांबवलं आहे. हा पर्याय आपण अपडेटच्या वेळी निवडला आहे."

न्हाव्याने वर उचललेला वस्तरा हळूच खाली ठेवला.

"साठ टक्के मला तीन तास पुरतात," ती म्हणाली. "सकाळी किती होती रे बॅटरी?"

मी टॉवेलमध्ये तोंड घातलं. सासऱ्यांनी सांगितलं. त्यांना सत्य बोलायची वाईट सवय आहे.

ती लॅपटॉप घेऊन गेली. सहाला फोन आला: आराखडे पसंत, काम मिळालं, बॅटरी अजून सव्वीस टक्के. "आणि हो, घरी उजेड आहे का?"

नव्हता. मी कपाटामागे पालथा पडून स्क्रू शोधत होतो, आणि सासरे टॉर्च नेमका माझ्या टकलावर मारून म्हणत होते, "वा! आता कसं लख्ख दिसतंय!"

न्हाव्याने मात्र निघताना धीर दिला होता. "काळजी करू नका, साहेब. तीन महिन्यांत येतील परत. साठ टक्के तरी नक्की."