हमारी हरकत

वामनराव गुरुजी जेवायला बसले तरी आधी हरकत घेत. "वरण पातळ आहे, माही हरकत आहे," म्हणत आणि तेच वरण तीनदा मागत. शाळेच्या घंटेवर, नव्या खडूवर, माझ्या मुलीच्या नावावरसुद्धा त्यांनी हरकत घेतली होती. तरी सौंसरात कौतुक त्यांचंच! मी त्याच शाळेत मास्तर, वर हिंदीची परीक्षा पास. पण माझी बायकोही 'गुरुजी' म्हणे ती वामनरावांनाच. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, त्याच सुमारास गावाबाहेरून नवी सडक निघाली. खुंट्या ठोकल्या त्या थेट जुन्या हेमाडपंती देवळाच्या जोत्यावर. वामनराव पेटले. नव्या राजधानीला, भोपाळला धाडायला त्यांनी जन्मातला पहिला हिंदी अर्ज लिहिला आणि माझ्याकडे आणला.

"पाहा बरं मास्तर, काही चुकून राहिलं का?"

पहिलीच ओळ होती, 'इस सड़क पर हमारी हरकत है।'

हिंदीत हरकत म्हणजे आगळीक. आपल्या हरकतीला तिकडे 'आपत्ति' म्हणतात, जणू संकटच. मला हे ठाऊक होतं. अर्ज केराच्या टोपलीत गेला तर देऊळ जाईल, हेही मनात आलं. पण यांचं गावभर हसं होणार म्हणून मला गुदगुल्या होत होत्या.

"फर्स्ट क्लास!" मी म्हणालो.

महिन्याभरानं एक साहेब शिपाई घेऊन शाळेत आला. "सड़क पर किसकी हरकत है?"

"माही!" वामनराव छाती काढून उभे राहिले.

"क्या तोड़ा?"

"मी कायले तोडू? तुमीच देऊळ तोडून राहिले!"

साहेबाचा हात धरून त्यांनी त्याला देवळापर्यंत नेलं. मीही मागे गेलो. कोरीव खांब पाहून साहेब विरघळला, खुंट्या हलवायला तयार झाला. मग हसत त्यानं 'हरकत'चा अर्थ सांगितला, 'आपत्ति' लिहायला हवं होतं म्हणाला आणि विचारलं, "यहाँ किसी को हिंदी नहीं आती?"

"आती है ना! इन मास्तर ने ही तो..." वामनराव थांबले. माझ्याकडे पाहत राहिले. मी मान खाली घातली.

"गलती हमारी है, साहब. मास्तर ने आपत्ति बोला था. मैंने नहीं सुना."

परतताना मी कसाबसा म्हणालो, "गुरुजी, मी मुद्दाम..."

"समजलं मले," ते म्हणाले. "पण मास्तर, पुढचा अर्जही तुमालेच दाखवीन. दुसरं कोण आहे मले?"